यंत्राच्या बुद्धीला वीज कुणाच्या रानातली?



बारामतीच्या उसात आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. तिथल्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला सोबत घेऊन 2024 मध्ये शेतकऱ्यांच्या उसावर हे काम सुरू केलं. जमिनीत ओल मोजणारी यंत्रं रोवायची, उपग्रहाचे फोटो घ्यायचे, आणि संगणकाने हिशेब करून शेतकऱ्याला मोबाईलवर कळवायचं की आज पाणी किती, खत कुठे. पाणी वाचत असेल तर चांगलंच आहे. ऊस किती पाणी पितो हे त्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्यांना सांगायला नको. आमचं भांडण यंत्राशी नाही.

पण यंत्राची ही बुद्धी शेतात राहत नाही. ती राहते डेटा सेंटरात. तिथे हजारो संगणक रात्रंदिवस चालतात, तापतात, आणि त्यांना थंड ठेवायला आणखी वीज लागते. 2024 मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे 41,500 कोटी युनिट वीज खाल्ली. 2030 पर्यंत ती दुपटीच्या वर जाईल, म्हणजे आज सगळा जपान देश वापरतो त्याहून थोडी जास्तच, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. भारतात सगळ्यात जास्त डेटा सेंटरं आपल्या मुंबई-नवी मुंबईत आहेत.

मग ही वाढीव वीज आणायची कुठून? महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशाची. छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात, तमनार भागात, गारे पेलमा सेक्टर 2 ही खाण आपल्याच राज्याच्या महानिर्मिती कंपनीला मिळाली आहे. जानेवारी 2024 मध्ये हरित लवादाने तिची पर्यावरण मंजुरी रद्द केली. त्याच वर्षी ती पुन्हा दिली गेली. जून 2025 मध्ये पोलीस बंदोबस्तात झाडं पडली. गावकरी सांगत राहिले, आमच्या ग्रामसभेने संमती दिलेली नाही. तो कोळसा एकट्या डेटा सेंटरांसाठी नाही, हे खरं. पण मागणी जेवढी वाढेल, तेवढी खाण रानात घुसेल.

कोळसा नको, पाण्यावर नाहीतर उन्हावर वीज करू, असंही म्हणतात. पण जमीन तिलाही लागते. पुणे जिल्ह्याला हे नवं नाही. मुंबईच्या विजेसाठी मुळशीचं खोरं बुडालं; 1921 मध्ये सेनापती बापटांसोबत मावळे सत्याग्रहाला बसले, तरी धरण झालंच. उजनीच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातली गावं गेली. आता 2023 च्या करारानुसार मावळात शिरवटा इथे 1,800 मेगावॉटचा पाणी वर चढवून वीज करणारा प्रकल्प येऊ घातलाय. सौर पॅनेलांसाठी राज्यभर गायरानं घेतली जाताहेत. बारामती-इंदापूरच्या माळावर धनगरांची मेंढरं चरतात, चिंकारा हिंडतो, तरी सरकारी कागदावर असा माळ 'पडीक'. आपलं रानही तसंच रिकामं धरतात. ज्या जमिनीवर कुणीतरी जगतंय, ती रिकामी कशी?

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक डेटा सेंटरला परवानगी देण्याआधी त्याची वीज आणि पाणी कुठून येणार, ते सरकारने मराठीत जाहीर करावं. आणि वीज रानातून येणार असेल, तर आधी ग्रामसभेला विचारावं.

आपल्या बाजूने करायचं ते हे: सामूहिक वनहक्काचे दावे अडले असतील तर या महिन्यातच ग्रामसभा बोलवा. नकाशे पुरे करा, दाव्याची पोच जपून ठेवा. वनहक्क कायद्याचं कलम 4(5) सांगतं की दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला जमिनीवरून हुसकता येत नाही. हे कलम पोरांकडून पाठ करून घ्या.

यंत्र हुशार होऊ दे. त्याचं बिल आपल्या रानाच्या नावावर फाडू देणार नाही!