खोट्या पावलांची मोजदाद

दिवसभराचा व्यवहार आटोपला की पेटीतील रोकड मोजावी, ती रोजमेळाशी ताडावी आणि मगच दुकानाला कुलूप लावावे, हा दंडक व्यापारी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. रुपयाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत दिवा मालवला जात नसे. आता त्याच घराण्यांची दुसरी पेढी संगणकावर उघडली आहे. संकेतस्थळ हे या पेढीचे दार, आणि त्या दारातून किती माणसे आली याची वही ठेवणारा मुनीम म्हणजे गूगल ॲनालिटिक्ससारखी गणनाप्रणाली. या मुनिमाची वही मात्र फार थोड्या घरांत ताडून पाहिली जाते. पडद्यावर उमटलेला आकडा खराच असणार, असे गृहीत धरले जाते आणि त्यावरून भाव ठरतात, खर्च ठरतो, प्रसंगी घरातील एखाद्या माणसाची लायकीही ठरते.

एक उदाहरण कल्पावे. भांड्यांचा पिढीजात व्यापार असलेल्या घरातील सुनेने संकेतस्थळावरून विक्री सुरू केली. महिन्याला ४०० भेटी आणि १२ मागण्या, म्हणजे शंभरास तीन. नव्या धंद्याच्या मानाने बरी सुरुवात. काही महिन्यांनी भेटींचा आकडा १,२०० वर गेला, मागण्या मात्र १२ च राहिल्या. प्रमाण शंभरास एक झाले. सासरे म्हणाले, ‘‘ग्राहक येतो आणि रित्या हाताने परततो, भाव चढे असले पाहिजेत.’’ दिरांना मालाची छायाचित्रे निकृष्ट वाटली. जाहिरातीचे काम पाहणाऱ्या तिऱ्हाईताने भेटी तिप्पट केल्याचे श्रेय घेऊन मोबदला वाढवून मागितला. शंभर रुपयांच्या मालावर वीस रुपये सुटत असता भाव दहा रुपयांनी उतरवला, तर निम्मा नफा जागीच बुडतो. आणि वस्तुस्थिती अशी की वाढलेल्या ८०० भेटींमध्ये एकही मनुष्य नव्हता. ग्राहक पूर्वीइतकेच होते आणि त्यांपैकी शंभरास तीन पूर्वीप्रमाणेच खरेदी करीत होते. सुनेच्या कामात उणे काहीच नव्हते. उणे होते ते मोजणीत.

ही खोटी पावले वहीत कशी उमटतात, हे समजून घेण्याजोगे आहे. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानात गणनाप्रणालीचा एक छोटा संगणकीय मजकूर बसवलेला असतो. कोणी पान उघडले की तो मजकूर दूरच्या मुनिमाकडे निरोप धाडतो : अमुक पान पाहिले गेले, पाहणारा अमुक ठिकाणाहून आला, त्याची भाषा अमुक. मुनीम दुकानात बसत नाही. आलेल्या निरोपांवर विसंबून तो वही लिहितो. गूगलच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये, प्रत्येक दुकानाला ‘यूए’ या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक असे. तो क्रमांक घालून कोणीही निरोप धाडला, तरी मुनीम तो टिपून घेई. निरोपावर दुकानाची मोहोर लागत नसे.

याच फटीतून उपद्रव शिरला. २०१४ ते २०१६ या काळात जगभरच्या लहान संकेतस्थळांच्या अहवालांत सेमाल्ट, दारोदार अशी अपरिचित नावे ‘येथून ग्राहक आले’ या रकान्यात दिसू लागली. काही यंत्रे संकेतस्थळावर प्रत्यक्ष येऊन, आपण कोठून आलो याची खोटी ओळख ठेवून जात. काही तर येतही नसत. अंदाजाने क्रमांकांमागून क्रमांक घालून ती मुनिमाकडे परस्पर निरोप धाडीत. या दुसऱ्या प्रकाराला ‘भूत स्पॅम’ असे यथार्थ नाव पडले. २०१६ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या सुमारास, भाषेच्या रकान्यात भाषेऐवजी ट्रम्प यांना मत देण्याचे आवाहन आणि गूगलशी हुबेहूब साम्य दाखवणारा एक पत्ता झळकला. त्यातील पहिले अक्षर नेहमीचे ‘जी’ नव्हतेच. तसेच दिसणारे निराळे चिन्ह होते.

यात लाभ कोणाचा, असा प्रश्न व्यापाऱ्याच्या मनात प्रथम येतो. लाभ कुतूहलाचा आहे. आपल्याकडे ग्राहक पाठवणारा हा कोण, हे पाहण्यासाठी मालक त्या नावावर बोट ठेवतो आणि आपणच त्याच्या दुकानात जाऊन पोहोचतो. तेथे कोणी सेवा विकतो, कोणी दुसऱ्याच्या दुकानाकडे वळवून दलाली कमावतो, तर कोणी संगणकात घातक प्रणाली शिरवतो. लाखो वह्यांत खोटी नोंद करण्याचा खर्च नगण्य. हजारांतून एकजण फसला तरी सौदा पुरतो.

जेथे भेटीवर थेट पैसा मोजला जातो, तेथे हीच युक्ती उघड चोरी ठरते. २०१६ च्या डिसेंबरात उघडकीस आलेल्या ‘मेथबॉट’ प्रकरणात डॅलस व अन्य ठिकाणचे १,९०० हून अधिक सर्व्हर माणसांचे सोंग घेऊन जाहिराती ‘पाहत’ होते. माउसची हालचालसुद्धा बनावट होती. अमेरिकी सरकारच्या अभियोगानुसार ५,००० हून अधिक संकेतस्थळांची नावे त्यासाठी वापरली गेली आणि जाहिरातदारांनी ७० लाख डॉलरहून अधिक रक्कम अशा जाहिरातींसाठी मोजली, ज्या कोणा माणसाने पाहिल्याच नाहीत. मुख्य सूत्रधारास २०२१ मध्ये दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

उपाययोजना झाली नाही असे नाही. २०१४ च्या जुलैत गूगलने ज्ञात बॉट वगळण्याची सोय दिली. परंतु जे संकेतस्थळावर येतच नव्हते, त्यांना ती अडवू शकली नाही. पुढे युनिव्हर्सल ॲनालिटिक्सची सर्वसाधारण वही १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेईनाशी झाली आणि तिची जागा जीए४ ने घेतली. या नव्या पद्धतीत ज्ञात बॉट आपोआप वगळले जातात आणि सर्व्हरवरून परस्पर निरोप धाडण्यास गुप्त कळ लागते. तथापि पानात बसवलेला दुकानाचा क्रमांक आजही कोणासही वाचता येतो. त्यामुळे ही फट पूर्ण बुजली, असे मानून निश्चिंत राहता येत नाही.

मग व्यापाऱ्याने काय करावे? प्रथम लक्षणे ओळखावीत. एका रात्रीत भेटी दुप्पट-तिप्पट झाल्या आणि त्या दिवशी ना सण, ना सवलत, ना जाहिरात. जेथे माल कधी पाठवला नाही अशा एकाच परदेशी शहरातून गर्दी. आलेला प्रत्येक जण क्षणार्धात परतलेला. ‘होस्टनेम’ या रकान्यात आपल्या संकेतस्थळाच्या नावाऐवजी परकेच नाव किंवा कोरी जागा — यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर आकडा संशयास्पद समजावा. अपरिचित नावावर कुतूहलापोटीही बोट ठेवू नये.

दुसरे, केवळ भेटी न पाहता ‘सहभागी’ भेटींचा रकाना पाहावा. दहा सेकंदांहून अधिक टिकलेली, किमान दोन पाने पाहिलेली किंवा मालकाने महत्त्वाची ठरवलेली कृती घडलेली भेटच जीए४ त्यात धरते. हीही कसोटी अचूक नाही. हुशार यंत्र दहा सेकंद थांबू शकते. परंतु पुष्कळसा कचरा येथे गळून पडतो.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मेळ. बँकेच्या उताऱ्याशी रोकडवहीचा मेळ घालतात, तसा महिन्यातून एकदा भेटींचा मेळ दूरध्वनीवरील चौकशा, व्हॉट्सॲपवरील विचारणा, नोंदलेल्या मागण्या आणि बँकेत जमा झालेली रक्कम यांच्याशी घालावा. भेटी वाढल्या आणि बाकी चारही रकाने स्थिर राहिले, तर भाव उतरवण्याआधी मोजणी तपासावी. जाहिरात करणाऱ्याचा मोबदला भेटींवर न ठरवता चौकशा व मागण्यांवर ठरवावा, आणि गणनाप्रणालीचे खाते त्याच्या नव्हे, पेढीच्या नावावर असावे.

आणखी एक बाजू आहे. ठरावीक रकमेत हजारो भेटी पुरवण्याची प्रलोभने आता सर्रास येतात. भागीदारास, कर्ज देणाऱ्यास वा पेढी विकत घेणाऱ्यास फुगलेला आकडा दाखवता येईल, हा मोह त्यामागे असतो. तत्त्वार्थसूत्रात कूटलेखक्रिया हा सत्याणुव्रताचा, तर खोटी मापे आणि बनावट मालाचा व्यवहार हे अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. विकत घेतलेली गर्दी वहीत दाखवणे या तिन्हींहून फारसे निराळे नाही. ताजवा लाकडाचा असो वा संगणकाचा, त्याचे पारडे सरळ असावे, एवढीच अपेक्षा आहे.

त्या घरातही अखेर मेळ घातला गेला, असे समजावे. एका संध्याकाळी परक्या नावांच्या ८०० भेटी वजा केल्या आणि वहीत पुन्हा ४०० भेटी व १२ मागण्या उरल्या. भाव होते तेथेच राहिले, मोबदल्याची मागणी परत गेली, आणि सासऱ्यांनी संकेतस्थळाची मासिक वहीही रोजमेळाच्या शेजारी ठेवण्यास सांगितले.