लोकर म्हणून आपण काय घेतो?

महाडला राहून स्वेटर विणते म्हटले की घाटावरच्या नातलग बायका हसतात. म्हणतात, तुमच्याकडे घाम पुसायला पंचा विणा! त्यांचेही चूक नाही. आपल्याकडे थंडी येते ती दिवाळीनंतर महिना-दीड महिना, तीही पहाटेपुरती. पण सुया काही स्वस्थ बसत नाहीत. घरात बाळंतपण असते, मुलगा शिकायला पुण्याला असतो, सासऱ्यांना पावसाळी हवेत कानटोपी लागते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या अंगाला, कुडपणसारख्या वरच्या गावांतून, थंडी चांगलीच बोचते. आणि ज्यांच्या घरचे कोणी फौजेत आहे, त्यांना तर विचारूच नका. आपल्या तालुक्यात फौजी आंबवडे नावाचे गाव आहे. सैनिकांचे गाव म्हणूनच ते ओळखले जाते.

तेव्हा विणायचे का, हा प्रश्न नाही. कशाचे विणायचे, हा आहे.

दुकानात जाऊन आपण ‘लोकर द्या’ म्हणतो. दुकानदारही ‘लोकर’ म्हणूनच रंगीबेरंगी गुंडे पुढे टाकतो. त्यातली बहुतेक सारी लोकर मेंढीच्या अंगावर कधी नव्हतीच. ते असते अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कारखान्यात रसायनापासून केलेला धागा. यात फसवणूक नाही, कारण गुंड्याच्या कागदी पट्टीवर तसे छापलेले असते; आपणच रंग बघतो आणि पट्टी फेकून देतो. पट्टी आधी वाचा. ‘१०० टक्के अ‍ॅक्रिलिक’, ‘वूल ब्लेंड’ की ‘प्युअर न्यू वूल’, ते बघा. शुद्ध लोकरीची ती पिळदार गुंड्याच्या आकाराची ‘वूलमार्क’ खूण १९६४ सालापासून चालत आलेली आहे.

पट्टी नसलेली सुटी लोकर घरात असेल तर जाळून बघा. वीतभर धागा चिमट्यात धरायचा, खाली पाण्याची वाटी ठेवायची आणि काडी लावायची. (मुले शाळेत गेल्यावर हं.) खरी लोकर नाखुशीने जळते, काडी बाजूला केली की विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. सूत कागदासारखे भरभर जळते आणि मऊ करडी राख राहते. अ‍ॅक्रिलिक मात्र काळा धूर काढीत पेटते, वितळून ठिबकते आणि मागे कडक काळा मणी उरतो.

तो ठिबकणारा थेंब नीट बघून ठेवा. आपल्या बऱ्याच घरांतून अजून चूल किंवा पाणी तापवायचा बंब पेटतो, थंडीत अंगणात शेकोटी असते. अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर घालून पोर तिथे वाकले आणि बाहीने पेट घेतला, तर तो वितळलेला धागा कातडीला चिकटतो. चुलीशी बसणाऱ्या म्हातारीची शाल आणि शेकोटीशी खेळणाऱ्या मुलाचा स्वेटर अ‍ॅक्रिलिकचा नको, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून चुलीवरच्या दांडीवर तो टाकायची सवय असेल तर ती मोडा.

एरवी अ‍ॅक्रिलिकला मी नावे ठेवणार नाही. स्वस्त असते, त्याला कसर लागत नाही, धुवायला सोपे. मुख्य म्हणजे ते पाणी फार कमी पिते, त्यामुळे लवकर वाळते. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो; आषाढात साधा टॉवेल वाळत नाही तिथे या गुणाला मोल आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या रोजच्या वापराला, कॉलेजच्या मुलीच्या रंगीत जॅकेटला अ‍ॅक्रिलिक बेलाशक घ्या. फक्त इस्त्री लावू नका. गरम इस्त्रीखाली वीण लोळागोळा होते आणि मग ती पुन्हा उभी राहत नाही.

खऱ्या लोकरीचा गुण वेगळा. तिच्या तंतूला निसर्गतः कुरळेपणा असतो, त्यात हवा अडकून राहते आणि तीच हवा ऊब धरते. शिवाय आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल ती पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. धनगर भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागे उभा राहतो तो उगाच नाही. घोंगडीची लोकर दख्खनी मेंढीची, राठ. अंगाला टोचते म्हणून स्वेटरला चालत नाही. विणायला मेरिनो जातीची मऊ लोकर घ्यावी लागते, आणि ती कितीतरी महाग पडते. म्हणून ती सगळ्यांसाठी घेऊ नये. घरच्या जवानासाठी घ्या. १९६२ च्या चीनच्या युद्धात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, हे आपल्या आई-आजींच्या तोंडून ऐकलेच असेल. आता फौजेचे कपडे फौजच देते; तरी आतून घालायची बंडी, पायमोजे घरून गेले की माणूस सुखावतो. रंग मात्र त्याला विचारून घ्या, नाहीतर तुमची हौसेची जांभळी बंडी ट्रंकेच्या तळाशी जाईल.

आता बाळाचे. इथे मला जरा थांबून बोलायचे आहे.

बाळंतिणीच्या घरी गेले की मे महिन्यातसुद्धा बाळाला लोकरीचे टोपरे, मोजे, वर दुपट्यात गुंडाळलेले. बाळ घामोळ्यांनी लाल झालेले, आणि आजी म्हणते, वारा लागेल. जन्मल्यानंतर पहिले काही दिवस आणि वजनाने कमी असलेल्या बाळाला टोपरे हवेच. डॉक्टरही तसेच सांगतात. पण धट्टेकट्टे बाळ घरात उबेला झोपलेले असताना डोके झाकलेले नको. बाळाची जादा उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर पडते. लस टोचायला भुरभुर पावसात एस.टी.ने न्यायचे, तेव्हा टोपरे घाला. घरी आलात की काढा. सासूबाईंशी वाद घालायला नको, टोपरे धुवायला टाकले म्हणावे.

बाळासाठी आपल्या हवेला सूत उत्तम. सुताचा विणायचा मऊ दोरा मिळतो. घाम टिपतो, टोचत नाही, आणि उकळत्या पाण्यात टाकता येतो. हे शेवटचे महाडकरांना जास्त सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा पेट्यांतले कपडे गाळात गेले. अशा पाण्यात भिजलेले सुती झबले उकळून वापरता येते. लोकरीचे उकळले तर आटून बाहुलीच्या मापाचे होते.

जाळीदार विणीचे आणि केसाळ, फुलवलेल्या धाग्याचे बाळाला काही करू नका. केस तोंडात जातात, जाळीत बोटे अडकतात. गळ्याशी बांधायची लांब नाडी नको, मोत्यासारखी बटणे नकोत. आणि लोकरीचे कपडे ज्या डांबरगोळ्यांत वर्षभर ठेवले, ते थेट पेटीतून काढून तान्ह्याला घालू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे एक द्रव्य कमी असते. अशा बाळाला डांबरगोळीच्या वाफेने तांबड्या पेशी फुटून मोठी कावीळ होऊ शकते, आणि ते द्रव्य कमी आहे हे वरून कळत नाही. बाळाच्या पेटीत डांबरगोळी ठेवूच नये. कपडे स्वच्छ धुऊन, कडकडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि मधूनमधून ऊन दाखवावे. कसर लागते ती घामाच्या, दुधाच्या डागांना आधी.

खरेदीचे दोन शब्द. सगळे गुंडे एकाच वेळी आणि एकाच लॉटचे घ्या; लॉटचा नंबर पट्टीवर असतो. पुढच्या महिन्यात तोच रंग आणला तरी पाठ एका छटेची आणि बाही दुसऱ्या छटेची दिसते. तान्ह्याच्या स्वेटरला शंभर ते दीडशे ग्रॅम, पुरुषाच्या बिनबाह्यांच्या स्वेटरला तीनशेच्या आसपास आणि पूर्ण बाह्यांच्याला साडेचारशे ते पाचशे ग्रॅम धरा. सुयांच्या जुन्या नंबरांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नव्या मुलींना उलटे वाटते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन.

नमुना विणून टाके मोजायचा कंटाळा करू नका. समजा, पुस्तकात १० सेंटिमीटरला २२ टाके दिले आहेत आणि ९० सेंटिमीटर घेरासाठी १९८ टाके घालायला सांगितले आहेत. तुमचा हात घट्ट असेल आणि तुमचे १० सेंटिमीटरला २४ टाके बसत असतील, तर तोच स्वेटर साडेब्याऐंशी सेंटिमीटरचा होईल. नवऱ्याच्या पोटावर तो बसायचा नाही, आणि दोष मात्र जेवणाला जाईल. टाके जास्त भरले तर जाड सुई घ्या, कमी भरले तर बारीक.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळाची बाहेर जायची टोपी देते. ५० ग्रॅमचा एक गुंडा पुरून उरतो. १० सेंटिमीटरला २२ टाके बसतील असा धागा आणि ८ नंबरच्या सुया घ्या. ८४ टाके घाला. दोन सुलट, दोन उलट अशी ३ सेंटिमीटर बॉर्डर विणा. मग एक ओळ सुलट, एक उलट असे सुरुवातीपासून ९ सेंटिमीटर होईपर्यंत विणा. आता सुलट ओळीत ‘१० सुलट, दोनाचा एक’ असे सातदा करा. ७७ टाके राहतील. उलट ओळ साधी. पुढच्या सुलट ओळीत ‘९ सुलट, दोनाचा एक’, त्यापुढे ८, असे एकेकाने उतरत ‘१ सुलट, दोनाचा एक’ पर्यंत या. १४ टाके उरतील. धागा हातभर ठेवून कापा, दाभणाने सगळ्या टाक्यांतून ओढून आवळा आणि त्याच धाग्याने मागची शिवण घाला.

टोपी असो की मोजे, बाळाला घालण्यापूर्वी उलटी करून आतले टोक न् टोक शिवून टाका. सुटलेला धागा किंवा आईचा एखादा केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती आवळला, तर रक्त थांबून बोट काळेनिळे पडते, आणि मोज्याच्या आत ते कोणाला दिसत नाही. बाळ पोट भरलेले असून, कोरडे असून रडत राहिले, तर आधी मोजे काढून बोटे बघा.