बायांची लढाई, पंचाची गोष्ट

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या कोर्टात कस्तुरबानगरच्या संतप्त बायांच्या घोळक्यात अक्कू यादव हा गुंड मारला गेला. त्याने वर्षानुवर्षे वस्तीची अब्रू लुटली, तेव्हा पोलीस कोठे होते? २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी सुटले.

यावरून २०२१ साली ‘२०० हल्ला हो’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात दलित हा शब्द उघड उच्चारला आहे. वस्तीची शिकलेली पोर रिंकू राजगुरूने उभी केली. हे बरे झाले. पण कथेचा कासरा निवृत्त न्यायाधीशाच्या हाती! तोही दलित दाखविला, म्हणून काय झाले? ज्या कष्टकरी बायांनी पदर खोचला, त्या पडद्यावर बहुतेक घोळकाच. निर्माते म्हणतील, न्यायाधीशावाचून चित्रपट पाहणार कोण? आम्ही पाहू.