विद्यापीठाचे बियाणे घरच्या कणगीत



विद्यापीठ म्हटले की आपल्याला मुलांच्या पदव्या आठवतात. पण शाळेची पायरी न चढलेल्यांच्याही उपयोगी पडावे, असे एक विद्यापीठ आपल्या बीड जिल्ह्याच्या वाट्याला आले आहे. ते परभणीचे कृषी विद्यापीठ.

परभणीत 1956 पासून कृषी महाविद्यालय होते. राहुरीला 1968 साली आणि अकोल्याला 1969 साली कृषी विद्यापीठ झाले. मराठवाड्याचे निघाले 18 मे 1972 रोजी. त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि आपली माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तेव्हा नव्या विद्यापीठापुढचा प्रश्न उघड होता: थोड्या पाण्यावर आपल्या रानात काय टिकेल?

उत्तर हळूहळू बियाण्यातून येत गेले. केवडा रोगाला दाद न देणारी भेंडी ‘परभणी क्रांती’ आली. बदनापूरच्या केंद्रातून मर व वांझ रोगाला तोंड देणारी बीएसएमआर-736 तूर आली. पुढे पाच महिन्यांत हाती येणारी बीडीएन-711 आली. रब्बी ज्वारीत ‘परभणी मोती’ आली. आपल्या अंबाजोगाईत तर सीताफळाचेच संशोधन केंद्र आहे. 2013 साली विद्यापीठाला वसंतराव नाईक यांचे नाव दिले गेले.

यात आपल्या घरच्या पैशाचा प्रश्न आहे. कपाशीचे संकरित बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते. तुरीच्या आणि सोयाबीनच्या या सरळ वाणांचे तसे नाही. एकदा खात्रीचे बियाणे आणले की पुढची दोन-तीन वर्षे घरचेच राखून पेरता येते. मात्र भेसळ होऊ देऊ नका. सोयाबीनचे पोते आपटू नका, त्याचे टरफल नाजूक असते. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि सहा-सात दिवसांनी मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त नीट उगवले, तर खुशाल पेरा.

विद्यापीठात 18 मे रोजी खरिपाचा आणि 17 सप्टेंबरला रब्बीचा शेतकरी मेळावा भरत आला आहे. एकदा जाऊन या. घरधनिणीलाही न्या, कारण बियाणे राखते तीच. आणि एखादे वाण रानात फसले असेल, तर तेही तिथे स्पष्ट सांगा. आपण बोललोच नाही, तर आपल्या रानाचे दुखणे परभणीला कळायचे कसे?