गृहगणित : मिलिलिटर, ड्राम आणि औंस

अंबरनाथनजीकच्या आमच्या पालेगावांत आतां उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. परंतु त्यांतील घरांच्या फडताळांत जुनीं मापें अद्यापि जपून ठेवलेलीं आढळतात. तेथील एका भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे कीं, नातवाच्या तापाच्या औषधाची मात्रा डॉक्टरांनीं ५ मिलिलिटर सांगितली आहे, बाटलीबरोबरचें प्लास्टिकचें माप हरवलें आहे, आणि घरांत मामंजींच्या काळचा ड्राम-औंसांच्या खुणांचा कांचेचा पेला आहे. तर औषध कोणत्या खुणेपर्यंत ओतावें? प्रश्न लहान दिसतो, परंतु तो बालकाच्या प्रकृतीचा असल्यामुळें त्याचें उत्तर सविस्तर देणें अवश्य आहे.

इंग्रजी राज्यांत दूध-धान्य शेर-पायलीनें मोजलें जाई, आणि दवाखान्यांतील मिश्रण मात्र औंसांनीं. बाटलीवर कातरलेली कागदाची पट्टी चिकटवून मात्रा दाखवीत, हें वृद्ध वाचकांस आठवत असेल. पुढें १९५६ सालीं आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा झाला, आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून तीं मापें टप्प्याटप्प्यानें प्रचारांत आलीं. कायदा बदलला तरी फडताळ बदललें नाहीं. घोटाळ्याचें मूळ तें हेंच.

जुनें कोष्टक असें : ६० मिनिम म्हणजे १ ड्राम, ८ ड्राम म्हणजे १ औंस, २० औंस म्हणजे १ पाइंट, आणि ८ पाइंट म्हणजे १ गॅलन. हा गॅलन १८२४ च्या ब्रिटिश कायद्यानें दहा पौंड पाण्याच्या आकारमानावरून ठरविला. त्या हिशेबानें एक औंस २८.४१ मिलिलिटर व एक ड्राम ३.५५ मिलिलिटर भरतो.

आतां रूपांतराची रीत. भास्कराचार्यांनीं ‘लीलावतीं’त सांगितलेलें त्रैराशिक येथें पुरेसें आहे. ७१ मिलिलिटर म्हणजे जवळजवळ बरोबर २० ड्राम, एवढें एकच वाक्य लक्षांत ठेवावें. ७१ हें प्रमाण, २० हें फल, आणि आपल्या मिलिलिटरांची संख्या ही इच्छा. फलास इच्छेनें गुणून प्रमाणानें भागावें. ५ मिलिलिटरांसाठीं २० गुणिले ५ म्हणजे १००. त्यास ७१ नीं भागतां १.४१ ड्राम येतात. नेहमीं लागणारे आंकडे येथें देतों :

१ मि. लि. = सुमारें १७ मिनिम
५ मि. लि. = १ ड्राम २४ ते २५ मिनिम
१० मि. लि. = २ ड्राम ४९ मिनिम
१५ मि. लि. = ४ ड्राम १३ मिनिम
३० मि. लि. = १ औंस २७ मिनिम
१०० मि. लि. = ३ औंस ४ ड्राम ९ मिनिम

म्हणजे भगिनींच्या पेल्यांत ५ मिलिलिटरांची जागा पहिल्या व दुसऱ्या ड्रामांच्या खुणांमध्यें कोठें तरी येते, आणि तेथें बहुधा खूण नसतेच. पहिल्या खुणेवर थांबावें तर मात्रा शेंकडा २९ नीं कमी पडते. दुसरीपर्यंत जावें तर शेंकडा ४२ नीं अधिक होते. ‘चहाचा चमचा म्हणजे एक ड्राम’ हा जुना संकेतही आतां उपयोगाचा नाहीं; आजच्या औषधांत चहाचा चमचा ५ मिलिलिटरांचा धरतात, आणि घरांतील चमचे तर एकासारखा दुसरा नसतो.

जुन्या चिठ्ठ्या वाचणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ड्रामची खूण तिनाच्या आंकड्यासारखी दिसते, व औंसाची खूण तशीच, पण डोक्यावर आणखी एक वळण असलेली. खुणेस आंकडा समजल्यास एकाचे तीन होण्यास वेळ लागत नाहीं.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांस दुसरी अडचण येते. अमेरिकन औंस २९.५७ मिलिलिटरांचा, म्हणजे ब्रिटिश औंसाहून किंचित् मोठा. परंतु तेथील पाइंट सोळाच औंसांचा, म्हणून ४७३ मिलिलिटरांचा, आणि ब्रिटिश पाइंट ५६८ चा. सुनेनें पाठविलेल्या पाककृतींत ‘एक पाइंट दूध’ असल्यास ती कोणत्या देशांतून आली हें आधीं पाहावें. खिरींत दूध थोडें अधिक झालें तर ती आणखी आटवितां येते. पोटांत गेलेलें औषध परत घेतां येत नाहीं.

म्हणून आमचें उत्तर असें कीं, हें गणित मुलांस अवश्य शिकवावें, जुने कागद त्यानें वाचावे, परंतु बालकाचें औषध त्यानें मोजूं नये. ज्या मापांत मात्रा सांगितली त्याच मापांत ती द्यावी. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या ‘अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स’ या संस्थेनेंही २०१५ सालीं हाच उपदेश केला : मुलांचीं पातळ औषधें केवळ मिलिलिटरांतच सांगावीं व मोजावीं. औषधाच्या दुकानांत मिलिलिटरांच्या खुणांची, सुई नसलेली पिचकारी थोड्या पैशांत मिळते. ती आजच आणवावी. बाटलीवरील अक्षरेंही वाचावीं, कारण तान्ह्या मुलांच्या थेंबांचें औषध त्याच नांवाच्या पातळ औषधाहून कित्येकदां चौपट तीव्र असतें.

मामंजींचा पेला टाकूं नये. तो कपाटांत वरच्या फळीवर ठेवावा, आणि नातू मोठा झाला म्हणजे त्याच्याकडून त्यावर त्रैराशिक सोडवून घ्यावें.