काचेआडची लेकरे

अलीकडे काही चर्चमध्ये एक नवी शिस्त रुजू पाहत आहे. मिस्सा सुरू होण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून सूचना होते की, रडणाऱ्या मुलांना पालकांनी बाहेर न्यावे. कोठे कोठे मागील बाजूस काचेची एक खोलीच बांधलेली असते. आया आपापली लेकरे घेऊन तीत बसतात आणि वेदीवरील विधी मूकपटासारखा दुरून पाहतात. या व्यवस्थेला ‘सोय’ म्हटले जाते. आम्हांस मात्र ती सौजन्याचा बुरखा पांघरलेली हकालपट्टी वाटते.

आम्ही अर्भकांना बाप्तिस्मा देतो. त्या दिवशी सारा धर्मग्राम त्या जिवाला आपला म्हणतो, धर्ममातापिता शपथपूर्वक जबाबदारी घेतात, घरी जेवणावळी उठतात. आणि तोच सभासद पुढल्या रविवारी आवाज करू लागला की माना वळतात, भुवया आक्रसतात! बाप्तिस्म्याने मिळालेले सभासदत्व आवाज फुटेपर्यंतच टिकते, अशी काही अट आहे काय?

शांततेचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. कमी ऐकू येणाऱ्या वृद्धाला शुभवर्तमान नीट ऐकावेसे वाटते, यात त्याची चूक कोणती? पण शांतता भंग करणाऱ्यांची यादी करायचीच, तर ती पाळण्यातून कशाला सुरू करावी? पवित्रीकरणाच्या क्षणी खिशात वाजणारे मोबाइल कोणत्या बालकाचे असतात? प्रवचन सुरू होताच दाराबाहेर जाऊन उभा राहणारा आणि राजकारणापासून जमिनीच्या भावापर्यंत सर्व विषय संपवून ख्रिस्तप्रसादाला आत शिरणारा पुरुषवर्ग कोणाला ठाऊक नाही? त्यांच्यासाठी काचेची खोली बांधावी, असे अजून कोणी सुचविलेले नाही.

मुलांना घेऊन आलेल्या लोकांना शिष्यांनी दटावले आणि प्रभू येशू त्या शिष्यांवर रागावला, हा प्रसंग मार्कने दहाव्या अध्यायात नोंदविला आहे. ते शिष्य दुष्ट नव्हते. गुरूला त्रास होऊ नये, कार्यक्रम सुरळीत चालावा, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणजे आजच्या आपल्या स्वयंसेवकांसारखेच ते सद्हेतूचे होते, आणि तरीही प्रभूचा राग त्यांच्यावरच झाला. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात तर मुले खुद्द मंदिरात जयघोष करतात. मुख्य याजकांना ते खपत नाही आणि प्रभू मुलांची बाजू घेतो.

चर्चच्या इतिहासातही हा झगडा जुना आहे. आरंभीच्या शतकांत बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या मुलालाही ख्रिस्तप्रसाद दिला जाई. पूर्वेकडील अनेक चर्चमध्ये ही प्रथा आजही आहे. पश्चिमेत ती मावळली. १२१५च्या लॅटरन परिषदेने समज आलेल्या प्रत्येकाला ख्रिस्तप्रसादाचे कर्तव्य सांगितले, परंतु ‘समज’ या शब्दाचा अर्थ ताणता ताणता काही देशांत दहा, बारा, चौदा वर्षांपर्यंत नेण्यात आला. मूल अपवित्र नव्हते, मोठी माणसे फाजील सोवळी झाली होती. अखेर ८ ऑगस्ट १९१० रोजी दहावे पायस यांच्या आज्ञापत्राने ही मर्यादा सुमारे सात वर्षांवर आणली. तेव्हाही नाके मुरडणारे होतेच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७३ साली, रोमहून मुलांच्या मिस्सेविषयी मार्गदर्शिका निघाली. काचेच्या खोलीचे समर्थक तिचाच आधार घेतील, म्हणून तीत काय आहे ते सांगणे भाग आहे. अगदी लहान मुलांना वेगळ्या जागी सांभाळून शेवटच्या आशीर्वादासाठी आत आणता येईल, असे ती म्हणते खरी. परंतु सांभाळणारे म्हणून तिने धर्मग्रामातील साहाय्यक सुचविले आहेत. म्हणजे आई आत बसून मिस्सा ऐकू शकते. आपण आईलाच मुलासकट हद्दपार केले! शिवाय मोठ्यांच्या मिस्सेत मुले असतील, तर धर्मगुरूंनी त्यांच्याशी थेट दोन शब्द बोलावेत, प्रवचनाचा काही भाग त्यांना उद्देशून असावा, असेही तीच मार्गदर्शिका सांगते. हे कलम आपल्याकडे किती ठिकाणी वाचले गेले आहे?

जानेवारी २०१४ मध्ये सिस्टाइन चॅपेलमध्ये बालकांना बाप्तिस्मा देताना पोप फ्रान्सिस यांनी मातांना सांगितले, की मूल भुकेले असेल तर निःसंकोचपणे पाजा. मायकेलअँजेलोच्या चित्रांखाली जे चालते, ते आमच्या नव्या फरशीवर चालू नये?

या शिस्तीचा सारा भार पडतो तो आईवर. पूर्वी घरात आजी होती, आत्या होती, मूल या मांडीवरून त्या मांडीवर जात मिस्सा संपे. आज चौकोनी कुटुंबातील नोकरी करणारी स्त्री रविवारी लेकराला आवरून चर्चला येते आणि व्हरांड्यात येरझारा घालते. दोन मुलांच्या मागे पाचसहा वर्षे अशी गेली, तर तिच्या कानी किती प्रवचने पडली असतील? आणि ते मूल सातव्या वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात आले की आपणच तक्रार करतो, की याला चर्चमध्ये बसण्याचे वळण नाही. वळण लागणार कोठून? क्रूसाची खूण मूल आजीच्या हाताकडे पाहून शिकते. आजी आत आणि ते बाहेर, अशी तर आपण योजना केली.

आमचे मागणे फार मोठे नाही. पुढील दोन बाके लहान मुलांच्या कुटुंबांसाठी ठेवा. वेदी दिसली की मुले पुष्कळदा आपोआप गप्प होतात. दाराबाहेरच्या बापांनी आत यावे आणि मूल आपल्या कडेवर घ्यावे. प्रवचन आटोपशीर असावे (याबद्दल मोठ्यांनाही फारसे दुःख होणार नाही). युवक-युवतींनी पाळीपाळीने बालकांना सांभाळावे किंवा शब्दविधीच्या वेळी त्यांना शेजारच्या खोलीत शुभवर्तमानाची गोष्ट सांगावी. मूल खरोखर आक्रोश करू लागले, तर आई स्वतःच दोन मिनिटे उठते. तिला ते कळते, सूचना नको. ती परत येईल तेव्हा शेजारच्याने थोडे सरकून जागा द्यावी.

राहता राहिली ती काचेची खोली. नाताळच्या गोठ्याचे सामान ठेवायला जागा नाही, अशी कुरकूर वरचेवर ऐकू येते. त्या सामानासाठी ती खोली उत्तम आहे.