काचेतल्या समुद्राला आधी प्रवाह द्या, मासे नंतर आणा

नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश, निळे डॅमसेल, मागे खडक आणि वर निळा दिवा. मोबाइलवर अशा टाकीचा व्हिडिओ पाहिला की आपल्याही हॉलमध्ये एक छोटा समुद्र असावा असं वाटतं. भंडारा, तुमसर, साकोलीसारख्या गावांतही असा विचार करणारे कमी नाहीत. टाकी, मीठ, दिवे, मासे सगळं ऑनलाइन मिळतं. पण या यादीत एक वस्तू बहुतेक वेळा शेवटी येते किंवा येतच नाही. ती म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे जगणार की मरणार, हे सर्वांत आधी तोच ठरवतो.

भंडाऱ्यात हा प्रश्न वेगळा का?

मुंबईत १९५१ पासूनचं तारापोरवाला मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर, अगदी समुद्राला लागून उभं राहिलं. भंडाऱ्याची गोष्ट उलटी आहे. नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा आणि भंडारा नागपूरच्याही पलीकडे साधारण ६० किलोमीटर. इथे समुद्राचं पाणी पोत्यातल्या मिठापासून बनवावं लागतं. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला ७ किलो मीठ.

त्यात विदर्भाचा उन्हाळा. नवतपात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा बंद खोलीतल्या टाकीचं पाणीही सहज ३० अंश ओलांडतं. पाणी जितकं गरम, तितका त्यात कमी प्राणवायू मावतो. मीठ मिसळलं की आणखी कमी. ३० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. समुद्राच्या पाण्यात तोच आकडा सुमारे ६.२ वर येतो. म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीत जी चूक खपून जाते, ती खाऱ्या पाण्यात खपत नाही.

मामा तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी आटलं, वारा पडला की पहाटे मासे तोंड वर काढतात. रात्रभर मासे, शेवाळ आणि जिवाणू सगळेच प्राणवायू वापरतात, उजेड नसल्याने नवा तयार होत नाही आणि पाणी स्थिर असल्याने हवेतूनही पुरेसा मिसळत नाही. हॉलमधल्या टाकीतही पहाटे हेच घडतं. फक्त तलावापेक्षा फार लवकर, कारण पाणी फार थोडं असतं.

प्रवाह नेमकं काय काम करतो?

पहिलं काम श्वासाचं. प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून आत येतो. पृष्ठभाग हलत नसेल तर वर तेलकट साय धरते आणि ही देवाणघेवाण मंदावते. पंपाने वरचं पाणी खाली आणि खालचं वर आणलं, तरच टाकीच्या तळाशीही प्राणवायू पोहोचतो.

दुसरं काम सफाईचं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. सच्छिद्र खडकांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग तुलनेने कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो आणि अमोनिया त्यांच्यापर्यंत वाहून जावा लागतो. पाणी थांबलं की सफाई कामगारच गुदमरतात.

तिसरं काम कचरा उचलण्याचं. धानाच्या बांधीत पाणी एका तोंडाने येऊन दुसऱ्या तोंडाने निघून गेलं, तरी एखादा कोपरा तसाच राहतो आणि तिथे गाळ साचतो. टाकीत खडकांच्या मागे असेच कोपरे तयार होतात. तिथला कचरा कुजतो, प्राणवायू खातो आणि काही आठवड्यांनी तपकिरी-लाल चिकट थर दिसू लागतो.

किती प्रवाह पुरेसा?

फक्त मासे ठेवायचे असतील तर तासाभरात टाकीतलं पाणी १० ते २० वेळा फिरावं, हा शौकीन मंडळींचा रूढ अंदाज आहे. ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि २० इंच उंच टाकीत साधारण २०० लिटर पाणी मावतं. म्हणजे तासाला २,००० ते ४,००० लिटर प्रवाह हवा. खोक्यावर छापलेला आकडा मात्र जसाच्या तसा धरू नये. जाळी तुंबली, क्षार साचले की पंपाचा जोर घटतो. महिन्यातून एकदा पंप व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात बुडवून स्वच्छ धुतला तर तो जोर परत येतो.

‘फिल्टर चालू आहे ना, मग वेगळा पंप कशाला?’ असा प्रश्न हमखास येतो. फिल्टरचा पंप पाणी एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी सोडतो. त्याने टाकीत एकाच दिशेचा ओढा तयार होतो. समुद्रात लाट येते, परतते, खडकावर फुटते. त्याच्या जवळ जायचं तर दोन छोटे पंप एका मोठ्या पंपापेक्षा बरे.

मांडणी सोपी आहे. दोन्ही बाजूंच्या आखूड काचांवर, वरच्या एक तृतीयांश भागात एकेक पंप लावा. तोंड किंचित वर ठेवा, म्हणजे पृष्ठभागावर सतत लहरी उठतील. दोन धारा मधोमध एकमेकींवर आदळू द्या. खडक मागच्या काचेला टेकवू नका, मागून हात जाईल इतकी जागा सोडा. धार थेट माशाच्या लपण्याच्या जागेवर नको. क्लाउनफिश हा काही जोरकस पोहणारा मासा नव्हे, तो सतत धारेशी झुंजत राहिला तर थकतो. पंपाच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज हवाच.

मांडणी जमली का, हे चिमूटभर खाद्याने कळतं. ते पाण्यात सोडा आणि कुठे जाऊन बसतं ते बघा. जिथे बसलं, तिथे प्रवाह पोहोचत नाही.

आणखी एक खास भंडारेकरांसाठी. हे पितळेच्या भांड्यांचं शहर. घरात पितळी तोटी, वॉल्व्ह, तांब्याची तार सहज सापडते. यातलं काहीही टाकीच्या पाण्याला लागू देऊ नका. खारं पाणी धातूला खातं आणि पाण्यात उतरलेलं तांबं झिंगे, गोगलगायी, समुद्रफूल यांसारख्या जिवांना मारतं. सगळी जोडणी प्लास्टिकचीच हवी.

लाईट गेली तर?

खरी परीक्षा इथे आहे. वादळी पावसात किंवा भर उन्हाळ्यात दोन-चार तास लाईट जाणं जिल्ह्यात कुणालाच नवं नाही. पंखा बंद पडला तर माणूस अंगणात जाऊन बसतो. मासा कुठे जाणार?

उपाय महाग नाही. टाकीचं सगळं सामान इन्व्हर्टरवर टाकायची गरज नाही. दिवे बंद राहिले तरी चालतं, पण एक पंप चालूच राहिला पाहिजे. २० वॅटचा एक पंप घरच्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर एक रात्र सहज निघतो, अर्थात त्याच बॅटरीवर चार पंखे नसतील तर. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप तरी घरात असावा. तोही नसेल तर मगाने पाणी उचलून फूटभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओता, दर काही मिनिटांनी. लाईट येईपर्यंत खाद्य अजिबात देऊ नका.

टाकीखाली दुसरी टाकी ठेवून पाणी फिरवत असाल तर एक तपासणी आधीच करा. मुख्य बटन बंद करून पाहा. परतीच्या नळीतून पाणी उलटं उतरत राहिलं तर खालची टाकी ओसंडून फरशीवर समुद्र होईल. त्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक छोटं भोक पाडलं, की हवा शिरते आणि उलटा ओघ थांबतो.

उष्णतेवर उपाय विदर्भाला शिकवायला नको. कूलर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर टाकीच्या पृष्ठभागावर सोडलेला छोटा पंखा पाणी दोन-तीन अंशांनी उतरवू शकतो. पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून घट भरून काढताना आरओचं साधं पाणी घाला, खारं नव्हे. आणि खोलीत कूलरची दमट हवा भरली असेल तर या पंख्याचा उपयोग घटतो, हेही लक्षात ठेवा.

मग घ्यावी की नको?

घ्यावी, पण खरेदीचा क्रम उलटा करून. आधी पंप आणि त्याची बॅटरीवरची सोय, मग टाकी, मीठ आणि खडक. महिनाभर माशांशिवाय पाणी फिरवून त्यात जिवाणू वसू द्यावेत. अमोनियाची चाचणी शून्यावर आली की मगच पहिला मासा. दुकानदारांनीही टाकीसोबत दिव्याआधी लाईट गेल्यावरची सोय दाखवावी. गिऱ्हाईक टिकवण्याचा तोच प्रामाणिक मार्ग आहे.

मासा निवडतानाही विचार हवा. क्लाउनफिशची पैदास आता बंदिस्त टाक्यांत होते, महाराष्ट्रात ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही ती झाली आहे. त्यामुळे असा मासा समुद्रातून ओरबाडून आणण्याची गरज नाही. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. कुणी विकत असलं तरी ते घरी आणू नयेत.

आणि ज्या घरात लाईट गेल्यावर एक पंप चालवण्याची सोय होणार नाही, तिथे खाऱ्या पाण्याचा हट्ट सोडून गोड्या पाण्याची टाकी ठेवावी. त्यात कमीपणा काहीच नाही. तलावांच्या जिल्ह्याला गोड्या पाण्यातला मासा परका नाही. समुद्रातला मासा मात्र इथे आपणहून आलेला नसतो, आपण त्याला आणलेला असतो. त्याच्या वाट्याची लाटही मग आपणच द्यायला हवी.